शोध कोणी कोणाचा लावला?

न्यू गिनीविषयीच्या इंग्रजी पुस्तकांत एक वाक्य हमखास भेटते: अमक्या साली तिथल्या उंच खोऱ्यांचा शोध लागला. अनुवाद करताना मी तिथे थबकते.

१९३३ साली ऑस्ट्रेलियन मिक लेही, त्याचा भाऊ डॅन आणि सरकारी अधिकारी जेम्स टेलर यांनी आधी विमानातून वाहगी खोरे पाहिले, मग ते पायी आत शिरले. हवे होते सोने. दिसली ती दाट वस्ती, आखीव बागा, रताळ्याचे वाफे. याच खोऱ्यात कुक येथे किमान ७,००० वर्षांपासून माणसे दलदलीत पिके घेत आली आहेत. २००८ साली ती जागा जागतिक वारसा ठरली.

गावकऱ्यांना वाटले, मेलेले पूर्वजच गोरे होऊन परतले. पण त्यांनी नुसते हात जोडले नाहीत. पाळत ठेवली, पाहुण्यांची विष्ठासुद्धा तपासली. तिला आपल्यासारखीच दुर्गंधी येते, म्हणजे ही माणसेच, असे ठरवले. इकडे पाहुण्यांनी विमानाने शिंपले आणून त्यांच्या बदल्यात डुकरे, रताळी आणि मजुरी मिळवली. समुद्र न पाहिलेल्या या लोकांत शिंपला म्हणजे धन. तो ढिगाने आला आणि त्याचे मोल घसरले.

मराठीत ‘शोध घेणे’ वेगळे, ‘शोध लागणे’ वेगळे. त्या खोऱ्यात शोध दोघेही घेत होते. इतिहासात नोंद एकाचीच झाली. म्हणून मी आता लिहिते: सोने शोधणारे तिथे पोहोचले.