सत्तर पौंडांचं ओझं

नैरोबीहून मसाईमाराला जाणाऱ्या छोट्या विमानांत साधारणपणे माणशी पंधरा किलो सामान नेता येतं. हातातली पिशवी आणि कॅमेराही त्यातच धरायचा. बॅग मऊ हवी, टणक पेटी चालत नाही, कारण सामान ठेवायची जागा लहान असते आणि बॅगा तिथे दाबून बसवाव्या लागतात. पहिल्यांदा सफारीला जाणाऱ्याला मिळणारी ही सगळ्यात पहिली सूचना. मग बाकीच्या येतात: कपडे खाकी किंवा मातकट रंगाचे, काळा आणि गडद निळा नको, पहाटेच्या गारठ्यासाठी जाकीट, दुर्बीण, हिवतापाच्या गोळ्या, पिवळ्या तापाची लस टोचल्याचा दाखला.

मी येत्या जुलैत चाललोय. माझी यादी एक्सेलमध्ये आहे आणि तिच्यात एक्केचाळीस ओळी आहेत. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो. जुन्या कोडमध्ये अशा काही ओळी असतात की त्या का लिहिल्या हे आता कुणालाच ठाऊक नसतं, पण काढायची हिंमतही कुणी करत नाही. अशी ओळ दिसली की ती कधी आणि कशासाठी आली हे खणून काढायचं, ही सवय लागलेली. तीच सवय मी या यादीवर चालवली आणि एकोणिसाव्या शतकात जाऊन पडलो.

निळ्या रंगापासून सुरुवात करू. त्सेत्से माशी निळ्या आणि काळ्या रंगाकडे ओढली जाते. तिला पकडण्याचे सापळे याच दोन रंगांच्या कापडाचे करतात. तिचा चावा कपड्यातूनही बसतो, म्हणून टांझानियात जाणाऱ्यांना तर हे आवर्जून सांगतात. पण पर्यटकाला चावणं हा या माशीचा किरकोळ उद्योग. तिच्यामुळे होणाऱ्या ‘नगाना’ या रोगाने घोडे आणि बैल मरतात. पूर्व आणि मध्य आफ्रिकेच्या फार मोठ्या पट्ट्यात त्यामुळे बैलगाडी चालली नाही, घोडा टिकला नाही. त्यात चाकं जाण्याजोगे रस्ते नव्हते. किनाऱ्यावरून आत जायचं तर सामान माणसाच्या डोक्याखांद्यावरून न्यायचं, हा एकच मार्ग उरला.

अशा तांड्याच्या प्रवासाला स्वाहिलीत ‘सफारी’ म्हणत. शब्द मुळात अरबी ‘सफर’, आपल्या मराठीतला तोच. इंग्रजीत तो रूढ करण्याचं श्रेय बहुधा रिचर्ड बर्टनला देतात. १८५७ साली तो झांझिबारहून टांगानिका सरोवराच्या शोधात निघाला होता. त्याच्या आधीपासून अरब, स्वाहिली आणि न्यामवेझी व्यापाऱ्यांचे तांडे त्या वाटांनी हस्तिदंत आणि गुलाम किनाऱ्यावर आणत होते. ओझी वाहणाऱ्याला ‘पगाझी’ म्हणत. न्यामवेझी लोकांत हा मानाचा व्यवसाय होता आणि एका पगाझीचं ओझं साधारण साठ ते सत्तर पौंड, म्हणजे जास्तीत जास्त बत्तीस किलो, असा दस्तूर होता.

हा आकडा वाचून मी थबकलो. आजही आंतरराष्ट्रीय विमानात एका बॅगेचं कमाल वजन बत्तीस किलो असतं. जास्तीचे पैसे मोजायची तयारी असली तरी बहुतेक कंपन्या त्याहून जड एकच बॅग घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचा प्रश्न असतो. दोन आकड्यांचा एकमेकांशी थेट संबंध आहे असं मी म्हणणार नाही. माणसाची पाठ मात्र दोन्हीकडे तीच आहे.

त्या ओझ्यांत असायचं काय? हेन्री मॉर्टन स्टॅन्ली १८७१ साली लिव्हिंगस्टनला शोधायला बागामोयोहून निघाला. त्याचं सामान सुमारे सहा टन होतं. दीडशेच्या वर पगाझी, शिवाय सत्तावीस गाढवं. (गाढवं वाटेत फार टिकली नाहीत.) या सामानाचा मोठा हिस्सा म्हणजे त्याचं चलन होतं. आतल्या प्रदेशात नाणी चालत नसत. कापड, मणी आणि पितळेची तार यांवर धान्य मिळे, वाटेतल्या राजांचा कर भरता येई. अमेरिकेहून येणारं कोरं सुती कापड ते ‘मेरिकानी’, आणि हिंदुस्थानातून येणारं निळीत रंगवलेलं ते ‘कानिकी’. शंभर माणसं दिवसभर पोसायला चाळीस वार कापड लागेल, असा हिशेब स्टॅन्लीने झांझिबारच्या व्यापाऱ्यांना विचारून मांडला होता.

मण्यांचं गणित त्याहून अवघड. एका मुलखात लाल मणी चालतात, पुढच्यात पांढरे, त्यापुढे काळे. चुकीचा रंग नेला तर तो फुकट वाहिलेला भार. आपण परदेशी जाताना फॉरेक्स कार्ड, थोडे डॉलर आणि थोडं स्थानिक चलन अशी विभागणी करतो, तिचाच हा जड पूर्वज. तांड्यांसाठी भांडवल पुरवणारे अनेकजण हिंदी होते. झांझिबारच्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता कित्येक वर्षं कच्छच्या जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता. हस्तिदंत आणि लवंगांच्या त्या व्यापारात गुलामगिरी मुरलेली होती आणि त्यात गुंतलेला बराच पैसा आपल्या किनाऱ्यावरून गेलेला होता.

यादीतली पुढची ओळ औषधांची. हिवताप डासांमुळे होतो हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत १८९७ साली दाखवून दिलं. त्याआधी दोष दलदलीच्या दूषित हवेला जाई. कारण चुकीचं असलं तरी क्विनाइन लागू पडे. लिव्हिंगस्टनने क्विनाइन आणि जुलाबाची औषधं एकत्र करून गोळ्या बनवल्या होत्या. पुढे १८८०च्या दशकात बरोज वेलकम कंपनीने औषधांच्या दाबून केलेल्या वड्या विकायला काढल्या आणि मोजमाप करायचा तराजू पेटीतून गेला. आज आपण वेष्टनातली गोळी खिशात टाकतो, ती या वाटेने आलेली आहे. पिवळ्या तापाची लस मात्र नवी, विसाव्या शतकातली. ती निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. दाखला नसेल तर केनियाहून परतल्यावर भारतातच सहा दिवस वेगळं ठेवू शकतात, तेव्हा ही ओळ काढायची नाही.

काही ओळी सुदैवाने गळून गेल्या. उष्ण कटिबंधातल्या सूर्याचे किरण गोऱ्या माणसाच्या मेंदूत आणि मणक्यात शिरून त्याला आतून खराब करतात, असं पूर्वी डॉक्टरही मानत. म्हणून भेंडासारख्या हलक्या गाभ्याची सोला टोपी हवीच, आणि पाठीच्या कण्यावर बांधायला जाड कापडाची पट्टीही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही माणसं भर उन्हात या पट्ट्या बांधून घामाघूम होत होती. हे तेव्हाचं शास्त्र होतं, छापील आणि प्रतिष्ठित. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८५४पासून प्रवाशांसाठी सूचनांचं पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस गाल्टनने प्रवासाच्या कलेवर जाडजूड पुस्तक लिहिलं. तंबू कसा ठोकावा, पाणी कसं शोधावं, सारं त्यात आहे. हाच गाल्टन पुढे माणसांच्या वंशांची प्रतवारी लावण्याच्या ‘शास्त्रा’चा जनक झाला.

मेरी किंग्जलीने १८९०च्या दशकात पश्चिम आफ्रिकेत प्रवास केला तो घरच्यासारखा जाड लांब घागरा घालून. पुरुषी विजार घालायचा सल्ला तिने मानला नव्हता. एकदा ती शिकारीसाठी खणलेल्या, तळाशी अणकुचीदार खुंट रोवलेल्या खड्ड्यात पडली, आणि त्या घागऱ्याच्या घड्यांनी तिला वाचवलं. म्हणून कुणाच्याही यादीतल्या विचित्र वस्तूला मी लगेच हसत नाही.

आता यादीत नसलेल्या गोष्टीकडे येतो. ती म्हणजे उचलणारा माणूस.

मी नाशिकचा. शाळा-क्लासच्या दिवसांत शरणपूर रोडवरून मी किती वेळा सायकल हाणली असेल, हिशेब नाही. शरणपूर ही ख्रिस्ती मिशनची वसाहत. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडे, आणि सोडवलेल्या आफ्रिकी मुलांपैकी काहींना इथे आणून ठेवत. ती इथे वाचायला-लिहायला आणि सुतारकी, लोहारकीसारखी कामं शिकली. लिव्हिंगस्टन १८६६च्या आरंभी मुंबईहून आपल्या शेवटच्या सफरीला निघाला तेव्हा त्याने यातले नऊजण बरोबर घेतले. चुमा आणि सुसी हे आधीपासून त्याच्याबरोबरचे आफ्रिकी तरुणही होते. उंट, म्हशी, खेचरंही होती, त्सेत्सेच्या मुलखात यांतलं कोण तगतं ते पाहायला. जनावरं मेली. १८६७च्या जानेवारीत पळून गेलेल्या माणसांबरोबर औषधांची पेटी गेली, आणि आपल्याला मृत्युदंड सुनावला गेल्यासारखं लिव्हिंगस्टनला वाटलं.

तो त्यानंतर सहा वर्षं जगला. १८७३च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबियात, चितांबो नावाच्या प्रमुखाच्या गावात वारला. तोवर स्टॅन्लीने झांझिबारहून पाठवलेल्या कुमकेतून नाशिकचे आणखी काही तरुण त्याला येऊन मिळाले होते. त्यांतला एक जेकब वेनराइट. मृत्यूनंतर सर्वांना बोलावून, सर्वांसमक्ष पेट्या उघडल्या गेल्या. पुढे कुणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून जेकबने आत काय सापडलं ते लिहून ठेवलं: किरकोळ रोकड, टोपी, घड्याळ, होकायंत्र, मोजमापाची उपकरणं. उपकरणांची नावं त्याला ठाऊक नसावीत. ‘दुसऱ्या प्रकारचं मापायचं साधन’ अशा अर्थाच्या नोंदी आहेत.

ही मला सापडलेली सगळ्यात छोटी सफारीची यादी. ती निघायच्या आधी केलेली नाही, सगळं संपल्यावर केलेली आहे, आणि ती एका नाशिकला शिकलेल्या मुक्त गुलामाने केली आहे.

मग त्यांनी ठरवलं की शव किनाऱ्यावर न्यायचं. हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर मजकूर कोरला. देह मीठ लावून उन्हात वाळवला, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात ठेवून वरून शिडाच्या कापडात शिवला. वाटेत भेटलेल्या लेफ्टनंट कॅमेरॉनने शव तिथेच पुरा असा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. पुढे एका गावाने प्रेत नेऊ द्यायला हरकत घेतली. तेव्हा त्यांनी ज्वारीच्या ताटांचं खोटं प्रेत बांधून मागे पाठवलं, आणि खरं शव कापडाच्या गाठोड्यासारखं नव्याने बांधलं. मेरिकानीच्या इतर गाठोड्यांत ते कुणाला ओळखू आलं नाही. सुमारे नऊ महिने, हजाराहून अधिक मैल चालून १८७४च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला पोचले. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता. बाकीचे बहुतेक किनाऱ्यावरच पांगले होते.

पुढच्या काळात ओझी वाढली, नावं कमी झाली. १९०९ साली थिओडोर रूझवेल्ट शिकारीला आला तेव्हा कातडी टिकवण्यासाठी चार टन मीठ आणि डुकराच्या कातड्यात बांधलेली साठेक पुस्तकं बरोबर होती. पुस्तकांची पेटी बरोबर एका हमालाच्या ओझ्याइतकी. बाप-लेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली. जनावरांचा आकडा नेमका मिळतो. ती पेटी कुणाच्या डोक्यावर होती, ते मला कुठे सापडलं नाही. तोवर मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे झाली होती, सुमारे बत्तीस हजार हिंदी मजुरांच्या हातांनी. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास मेले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हमालांचीच फौज उभारली, कॅरिअर कोअर. भूक आणि रोगराईने त्यातले हजारो मेले. नैरोबीतलं ‘करिओकोर’ आणि दार-ए-सलाममधलं ‘करिआकू’ ही नावं त्या ‘कॅरिअर कोअर’चीच रूपं आहेत. आज दोन्हीकडे गजबजलेले बाजार आहेत.

केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आणि सामान हलकं झालं. किलिमांजारोवर मात्र अजून हमाल आहेत, आणि तिथे आता एका हमालाला वीस किलोंपेक्षा जास्त भार द्यायचा नाही असा नियम आहे. हा आकडा कुणीतरी भांडून सत्तर पौंडांवरून खाली आणलेला आहे. तुम्ही तिथे जाणार असाल तर बॅग आधी घरी वजन करून घ्या, आणि तळावर ती पुन्हा वजनकाट्यावर चढताना बघा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी यादी अशी: मऊ बॅग, मातकट रंगाचे तीन जोड, दोन जाकिटं, दुर्बीण, गोळ्या, दाखला. केनियात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना २०१७पासून बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू स्टीलच्या डब्यात. माझी बॅग सध्या साडेतेरा किलो भरते. उरलेल्या दीड किलोत एक कोरी वही टाकली आहे. बॅग उचलणारा, गाडी चालवणारा, तंबूत गरम पाणी आणून देणारा, ज्यांची हरकत नसेल त्यांची नावं विचारून, स्पेलिंग नीट पाहून, तीत लिहायची आहेत.