‘दुर्गा’ या नांवाचा अर्थ

कल्याणच्या खाडीकांठीं दुर्गाडी किल्ल्यावर नवरात्रांत दर्शनास जाणाऱ्या सुशिक्षितांसही ‘दुर्गा’ या नांवाचा अर्थ विचारला, तर ‘किल्ल्याची देवी’ असें उत्तर सहज मिळतें. समज सोयीचा आहे. परंतु येथें क्रम उलटा आहे. मराठेशाहींत या टेकडीवर दुर्गादेवीचें देऊळ झालें, आणि तिच्यावरून किल्ल्यास दुर्गाडी हें नांव पडलें.

मग देवीस हें नांव कोठून आलें? ‘दुर्’ म्हणजे कष्टानें, व ‘गम्’ म्हणजे जाणें. जेथें जाणें कठीण तें दुर्ग. संस्कृतांत या शब्दाचे दोन अर्थ झाले: शत्रूस दुर्गम असा किल्ला, आणि माणसास ओलांडावें लागणारें संकट. पहिला अर्थ घेतला, तर देवी तटाआड बसलेली, दूरची ठरते. आमच्या मतें दुसराच अर्थ ग्राह्य आहे, व त्यास आधारही जुने आहेत.

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील ९९ वें सूक्त एकाच ऋचेचें आहे. नौका नदीपार नेते तसें अग्नीनें आपणांस सर्व ‘दुर्गां’पलीकडे न्यावें, अशी तींत प्रार्थना आहे. तैत्तिरीय आरण्यकांतील दुर्गासूक्तांत हीच ऋचा येते, आणि तेथेंच दुर्गादेवीस शरण जाण्याचा मंत्रही येतो. देवीमाहात्म्याच्या ४ थ्या अध्यायांत तर देवीस दुस्तर भवसागरांतील नौकाच म्हटलें आहे. त्याच ग्रंथाच्या ११ व्या अध्यायांत दुर्गम नामक असुराच्या वधावरून आपणांस हें नांव मिळेल असें देवी सांगते, हें खरें. पण तो असुर तरी कोण? नांवाप्रमाणें पाहतां मूर्तिमंत संकटच.

१६५७ सालीं कल्याण शिवाजीमहाराजांच्या ताब्यांत आलें, आणि लवकरच या खाडींत त्यांचीं जहाजें बांधलीं जाऊं लागलीं. पुढें येथें देवीची स्थापना करणारांच्या मनांत ती नौकेची ऋचा होती, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु खाडीच्या कांठीं हें नांव शोभतें खरें.

किल्ल्याचे तट आज बहुतांशीं ढासळले आहेत. ‘दुर्गा’ म्हणजे केवळ तट असता, तर येथें हात जोडण्यास कारण उरलें नसतें. घरांतील आजारपण, मुलांची परीक्षा, पोटापाण्याची चिंता मनांत घेऊन माणसें अजून ही टेकडी चढतात. त्यांस व्युत्पत्ति ठाऊक नसेल; पण पार ने, एवढेंच तीं देवीपाशीं मागतात, आणि नांवाचा जुना अर्थ तोच आहे.