स्तनातली गाठ दुखत नसली तरी दाखवा
अंघोळ करताना गाठ हाताला लागते. दुखत नाही म्हणून बाया सुगी होईपर्यंत अंगावर काढतात, घरातही बोलत नाहीत. पण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. बऱ्याच गाठी साध्या निघतात हेही खरं, मात्र ते नुसतं चाचपून ठरत नाही. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि संशय आला तर सुईने तुकडा काढून तपासणी. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, ही समजूत खोटी आहे. तिच्यापायी लेप लावण्यात महिने जातात. आशाताईला सांगा, ग्रामीण रुग्णालयात दाखवा. कॅन्सर निघालाच तर ऑपरेशन, केमो महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा. वावर विकायची बोलणी त्याआधी नको.