आफ्रिकेची वाट शरणपूरहून

ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी अंधेरी-बोरिवलीच्या कॅथलिक चर्चमध्ये मिशनसाठी वेगळी वर्गणी गोळा होते. पोप अकरावे पायस यांनी १९२६ मध्ये सुरू केलेला हा जागतिक मिशन रविवार. दूरदेशी, आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांतही, काम करणाऱ्यांसाठी त्या दिवशी प्रार्थना होते. आपल्याकडून आफ्रिकेत अशा कामाला माणसे मात्र त्याच्या साठ वर्षे आधीच गेली होती. ती अँग्लिकन पंथीयांनी, नाशिकच्या शरणपुरातून पाठवली होती. आणि तिथून गेलेली पहिली माणसे जन्माने आफ्रिकनच होती.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतून गुलाम घेऊन निघालेली गलबते ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात अडवीत असे. सुटका झालेल्यांना परत गावी सोडावे, तर वाटेत पुन्हा पकडले जाण्याची भीती. त्यामुळे अनेकांना मुंबई बंदरात उतरवले जाई आणि त्यांतली पोरकी मुले मिशनच्या हवाली होत. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५० च्या दशकात नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभारली होती. आफ्रिकन मुलांचे आश्रयस्थान तिथे आले. मराठी मुलखात ही मुले लिहा-वाचायला शिकली. सुतारकाम, लोहारकाम शिकली. बाप्तिस्म्याबरोबर त्यांना इंग्रजी नावे मिळाली. पुढे इंग्रज त्यांना ‘नाशिक बॉइज’ किंवा ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणू लागले.

१८६४ मध्ये विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना मोंबासाजवळच्या रबाई गावी पाठवण्यात आले. योहानेस रेबमान हे जर्मन मिशनरी तिथे १८४६ पासून होते, पण त्यांच्याभोवती जमलेली मंडळी मूठभरच होती. त्याच वर्षी आफ्रिकेचे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आपली छोटी आगबोट घेऊन झांझिबारहून मुंबईला आले. सोबत आणलेल्या चुमा आणि वेकोतानी या दोन मुलांना त्यांनी मुंबईतले मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिकायला ठेवले. जानेवारी १८६६ मध्ये ते मुंबईहून पुन्हा आफ्रिकेला निघाले, तेव्हा ही दोन मुले आणि शरणपूरचे नऊ तरुण त्यांच्या तुकडीत होते. काही जण मध्येच निघून गेले, काही वाटेतच मेले. १८७२ मध्ये शरणपूरच्या आणखी काही तरुणांची भर पडली. त्यांत जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातल्या एका खेड्यात लिव्हिंगस्टन वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले. अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. मग चुमा आणि दुसरा एक सोबती सुसी यांच्या पुढाकाराने लिव्हिंगस्टन यांचे सुकवलेले शव खांद्यावर घेऊन ही मंडळी दीड हजारांहून जास्त किलोमीटर चालली आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये किनाऱ्याला लागली. एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात देणाऱ्यांत शरणपूरचा वेनराइट होता.

याच सुमारास मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर गुलामांचा व्यापार थांबवण्याच्या वाटाघाटींसाठी झांझिबारला गेले होते. १८७३ च्या तहाने तिथला गुलामांचा बाजार बंद झाला, पण आता सुटलेल्यांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न उरलाच. फ्रियर यांच्या डोळ्यांसमोर शरणपूरचा नमुना होता. त्या नमुन्यावर मोंबासा बेटासमोरच्या किनाऱ्यावर वसाहत झाली. तिचे नाव ‘फ्रियर टाउन’. ती उभारायला प्राइस स्वतः गेले, आणि सुमारे दीडशे बॉम्बे आफ्रिकन हाताशी आले. शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे, सारे त्यांच्यातूनच मिळाले. धोक्याची सूचना द्यायला तिथे उभारलेल्या घंटेवरून त्या चौकाला आजही ‘केंगेलेनी’ म्हणतात.

या लोकांना आज्ञाधारक चेले समजणे मात्र चूक ठरेल. पगार आणि मान यांवरून युरोपीय अधिकाऱ्यांशी त्यांचे वारंवार खटके उडत. तरीही १८८५ मध्ये तिथले अँग्लिकन बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना दीक्षा दिली. त्याच वर्षी युगांडाच्या वाटेवर हॅनिंग्टन मारले गेले, तेव्हा उरलेल्या तांड्याला सुखरूप रबाईला परत आणले ते जोन्स यांनी.

पुढे रबाई जोन्स यांच्या देखरेखीखाली आली. किनाऱ्यावरच्या मालकांकडून पळालेले गुलाम तिथे आसऱ्याला येऊ लागले. मालकांशी वैर नको म्हणून पळालेल्यांना थारा देऊ नये, असे सोसायटीचे धोरण होते. रबाईत ते पाळले गेले नाही. १८८८ पर्यंत अशी शेकडो माणसे तिथे असल्याचे उघड झाले. अखेर त्या किनाऱ्याचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि १८८९ च्या सुरुवातीला या सगळ्यांच्या हाती मुक्तीचे दाखले पडले. शरणपूरने जोन्स यांना बायबल आणि हातचा धंदा दिला. पण पळून आलेल्या माणसाला परत पाठवणे म्हणजे काय, हे ते नाशिकला येण्याआधीच जाणून होते. म्हणून धोरणापेक्षा त्यांनी आपल्या अनुभवाचे ऐकले.