सात हाली, सहा कलदार

निजामाच्या राज्यात नांदेड-लातूरच्या बाजाराला दोन रुपये ठाऊक होते. हाली शिक्का घरचा, आणि इंग्रजी मुलखातून येणारा कलदार बाहेरचा. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली तसा हा बाहेरचा रुपया आणखी जवळ आला. लातूर हैदराबाद संस्थानात, तर बार्शी मुंबई इलाख्यात. नांदेडहून मीटरगेजने मनमाड गाठले की तिथेही कलदारच.

हाली रुपयाची किंमत कमी. जुन्या काळी दोन नाण्यांमधला भाव हलता असे. पुढे हिशेबात रुजलेले प्रमाण म्हणजे सहा कलदारला सात हाली. शंभर कलदार मोडले की 116 रुपये 10 आणे 8 पै हाली हातात पडत.

खरी मेख इथे आहे. कलदारचे हाली करताना आकडा शेकडा 16.67 ने वाढतो, हालीचे कलदार करताना मात्र शेकडा 14.29 नेच घटतो. फरक दोन्ही वेळा एकाचाच. पण आधी तो सहाशी ताडायचा, नंतर सातशी. दोन रकमांतला फरक काढायचा, त्याला आधीच्या रकमेने भागायचे आणि शंभराने गुणायचे, एवढीच रीत. आधीची रक्कम कोणती, हे विसरले की हिशेब बिघडतो. समजा, 700 हालीचे कलदार करायचे आहेत. कुणी घाईने शेकडा 16.67 वजा केले, तर 583 रुपये 5 आणे 4 पै उरतात. खरे यायला हवेत 600. म्हणजे 16 रुपये 10 आणे 8 पै गेले! अशा जागी शेकड्यापेक्षा साधे त्रैराशिक भरवशाचे. त्यात सहा आणि सात दोन्ही डोळ्यांसमोर राहतात. शेकड्यात मूळ रक्कम दडून बसते.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थानाची राजवट संपली, हाली मात्र लगेच गेला नाही. 1951 मध्ये तो काढणे थांबले, आणि चलनातून तो पुरता बाद झाला 1959 मध्ये. दरम्यान 1 एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला, तेव्हा मराठवाड्याचा हाली अजून संपलेला नव्हता.

आज मोंढ्यात रुपया एकच, पण तीच मेख सोयाबीनच्या भावात भेटते. ऑगस्ट 2021 मध्ये लातूरला क्विंटलचा भाव दहा हजारांच्या घरात गेला आणि पुढे निम्म्याखाली उतरला. दहाचे पाच हजार झाले तर घट 50 टक्के. ती भरून काढायला वाढ मात्र 100 टक्के लागते. शेतकऱ्याने हा हिशेब स्वतः करून पाहावा. सोयाबीनचा हमीभाव 2024-25 मध्ये 4,892 रुपये होता, 2025-26 साठी 5,328 झाला. वाढ 436 रुपयांची, म्हणजे 8.9 टक्के. या नव्या हमीभावावरून पुन्हा दहा हजार गाठायचे, तर अजून जवळपास 88 टक्के वाढ हवी.