उम्रीगर : खेळाडू आणि खेळाडूंचे पालक

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो रांगडा खेळ खेळला जातो, त्यात संघाच्या शिक्षकाचे महत्त्व आपल्याकडील लोकांस नवल वाटावे इतके आहे. नोत्र दाम विद्यापीठाचे शिक्षक नूट रॉकने यांनी 1918 ते 1930 या काळात 105 सामने जिंकून दिले, आणि 1931 साली विमान-अपघातात त्यांचा अंत झाला तेव्हा सारा देश हळहळला. आपल्या क्रिकेटमध्ये मात्र असे पद पुष्कळ वर्षे नव्हतेच. दौऱ्यावर जाणाऱ्या संघाबरोबर एक व्यवस्थापक जाई. तिकिटे, मुक्काम आणि हिशेब यांपासून तो खेळाडूंच्या धीरापर्यंत सर्व काही त्यालाच सांभाळावे लागे. हे काम ज्यांनी केले त्यांत सोलापुरात जन्मलेल्या एका पुरुषाचे चरित्र विशेष मननीय आहे.

पहलन रतनजी ऊर्फ पॉली उम्रीगर यांचा जन्म 28 मार्च 1926 रोजी सोलापूर येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडिलांचा व्यवसाय कापडाचा, म्हणजे या गिरण्यांच्या शहरास साजेसाच होता. पॉली शाळेत असतानाच कुटुंब मुंबईस आले. 1944 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, पंचरंगी सामन्यांत पारशी संघातून ते प्रथम खेळले, आणि 1948 च्या डिसेंबरात वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांस कसोटीची टोपी मिळाली. 1952 च्या फेब्रुवारीत मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. त्यात उम्रीगर यांच्या नाबाद 130 धावा होत्या.

परंतु त्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांची फार कठोर परीक्षा झाली. दौऱ्यातील इतर सामन्यांत धावांची रास घालणारा हा फलंदाज फ्रेड ट्रूमनच्या वेगापुढे निष्प्रभ ठरला. चार कसोटींच्या सात डावांत मिळून त्याच्या अवघ्या 43 धावा झाल्या. उम्रीगर चेंडूस भितात, असा डाग त्यांच्या नावास लागला. तो त्यांनी वाद घालून नव्हे, तर बॅटीने धुऊन काढला. 1955 साली हैदराबादेस न्यूझीलंडविरुद्ध 223 धावा काढून कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय ठरले, आणि 1959 साली इंग्लंडमध्येच, मँचेस्टर येथे, त्यांनी 118 धावांचे शतक ठोकले. मध्यंतरी आठ कसोटींत त्यांनी नेतृत्वही केले. परंतु संघनिवडीवरून मतभेद होताच, 1959 च्या जानेवारीतील मद्रास कसोटीच्या आदल्या रात्री त्यांनी कर्णधारपद सोडले. कर्णधाराच्या शब्दास मान नसेल तर ते पद कशास हवे, हा त्यातील रोख स्पष्ट होता.

1962 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात बार्बाडोस येथे चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. त्यांचे प्राण वाचविण्यासाठी ज्यांनी रक्त दिले त्यांत उम्रीगर होते आणि प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेलही होते. पुढे पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत उम्रीगर यांनी 56 आणि नाबाद 172 धावा केल्या व एका डावात पाच बळी घेतले. सामना हातचा गेला, परंतु वेगवान माऱ्यापुढे पाय रोवून कसे उभे राहावे याचा तो वस्तुपाठच होता. त्या दौऱ्यानंतर ते कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले. 59 कसोटींत 3631 धावा आणि 12 शतके ही त्यांची कमाई.

चौदा वर्षांनी, 1976 साली, ते व्यवस्थापक म्हणून त्याच बेटांवर गेले. तरुण खेळाडू त्यांस प्रेमाने 'पॉलीकाका' म्हणत. 12 एप्रिल रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथे गावसकर, विश्वनाथ व मोहिंदर अमरनाथ यांच्या बळावर भारताने चौथ्या डावात 4 बाद 406 धावा करून अपूर्व विजय मिळविला. मग आली किंग्स्टनची कसोटी. आखूड टप्प्याच्या भडिमारात अंशुमन गायकवाड, विश्वनाथ व ब्रिजेश पटेल जायबंदी झाले. त्या काळी डोक्यावर शिरस्त्राण नव्हते. दुसरा डाव 5 बाद 97 वर संपला, कारण पुढे खेळावयास कोणी धड उरलेच नव्हते. कित्येकांनी यास शरणागती म्हटले. परंतु ज्याने कॉन्ट्रॅक्टर यांना कोसळताना पाहिले होते, त्याच्या दृष्टीने जखमी मुलांस पुन्हा मैदानावर न धाडणे हा भित्रेपणा खास नव्हता. शौर्य आणि अविवेक यांतील रेषा ओळखणे हेच पालकाचे कर्तव्य असते. उसळत्या चेंडूंच्या संख्येवर आंतरराष्ट्रीय निर्बंध आला तो 1991 साली.

1977-78 मध्ये ते संघासह ऑस्ट्रेलियास गेले. मेलबर्न व सिडनी येथे भारताने त्या भूमीवरील आपले पहिले कसोटी विजय मिळविले, आणि अ‍ॅडलेडला 493 धावांचा पाठलाग करताना 445 पर्यंत मजल मारली. मालिका 3-2 अशी गेली, तरी पराभूतांनी मान खाली घालावी असे त्यात काही नव्हते. पुढे त्यांनी निवड समितीचे अध्यक्षपद भूषविले, क्रिकेट मंडळाचे चिटणीसपण केले आणि वानखेडे मैदानाच्या खेळपट्टीचीही निगा राखली.

7 नोव्हेंबर 2006 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. भारताच्या सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूस मंडळ जो वार्षिक पुरस्कार देते, तो त्यांच्याच नावे आहे. ट्रूमनपुढे सात डावांत 43 धावा करणाऱ्याचे नाव सर्वोत्तमांच्या पुरस्कारास लाभले, यात तरुणांनी घेण्याजोगा बोध आहे. अपयशाचा अनुभव ज्याने पचविला, तोच इतरांस धीर देण्यास लायक होतो.