कोलंबो योजना

दक्षिण व आग्नेय आशियाच्या आर्थिक विकासासाठी राष्ट्रकुलाने पुरस्कारिलेली सहकार्य-योजना. जानेवारी १९५० मध्ये कोलंबो येथे भरलेल्या राष्ट्रकुल परराष्ट्रमंत्र्यांच्या परिषदेत तिची कल्पना पुढे आली व १ जुलै १९५१ पासून ती कार्यान्वित झाली. दारिद्र्यनिवारणाबरोबरच, चीनमधील १९४९ च्या क्रांतीनंतर साम्यवादाचा प्रसार रोखण्याचा हेतूही तीमागे होता. मूळ सात सदस्य राष्ट्रकुलातील होते. पुढे अमेरिका (१९५१) व जपान (१९५४) हे देशही सहभागी झाले.

‘योजना’ हे नाव काहीसे फसवे आहे. तिला सामाईक निधी नव्हता. सल्लागार समितीत सदस्यदेश आपापले कार्यक्रम मांडीत; मदत मात्र दोन देशांतील स्वतंत्र करारांनी ठरे. साहजिकच प्रकल्प राष्ट्रीयच राहिले. न्यूझीलंडच्या साहाय्याने दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. कॅनडाच्या साहाय्याने पाकिस्तानातील वारसक धरण आणि मुंबईतील तुर्भे येथील ‘सायरस’ अणुभट्टी (१९६०). सायरसमधील प्लुटोनियम भारताने १९७४ च्या पोखरण येथील अणुस्फोटासाठी वापरले. मूळ करारात भट्टीचा वापर शांततेसाठीच करण्याची अट होती. हा स्फोट शांततामय असल्याचे भारताने म्हटले, कॅनडाने ते अमान्य करून अणुसहकार्य थांबविले.

प्रादेशिक सहकार्य खऱ्या अर्थाने दिसले ते तांत्रिक प्रशिक्षणात. स्वतः मदत घेणाऱ्या भारतानेही नेपाळसारख्या शेजारी देशांतील प्रशिक्षणार्थींना आपल्या संस्थांत जागा दिल्या. आरंभी ठरावीक मुदतीची असलेली ही योजना १९८० मध्ये कायम करण्यात आली.